लग्नापासूनची डोकेदुखी

पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासणाऱ्या सल्लागारांना कोणी सल्ला विचारत नसे, पण म्हणून त्यांचं काही अडत नसे. सल्लागार ही पदवी त्यांना गल्लीनेच दिलेली. आरोग्य विम्याची सत्तावीस पानं त्यांनी तांबड्या पेन्सिलीने वाचून काढली होती. बायकोच्या सायनसचं ऑपरेशन ठरलं आणि तिने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांचं नाव काढलं, तेव्हा ते उखडलेच.

"फीला हात लावायचा नाही. दमडी लागणार नाही, मी कंपनीत विचारून आलोय. तू फक्त डॉक्टर विचारतील ते खरं सांग. लपवलं की क्लेम अडकतो."

चोवीस वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याचा एकच सल्ला मानला, तो नेमका हा.

"डोकं कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे किती वर्षं?"

"चोवीस."

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, बहुधा अविवाहितही. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

ऑपरेशन झकास झालं. घरी सोडायच्या दिवशी सल्लागारांच्या हातात बिल पडलं आणि सोबत कंपनीचं उत्तर. दुखणं चोवीस वर्षांचं, पॉलिसी पाच वर्षांची, आजार लपवला, सबब क्लेम नामंजूर. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी फीचेच पैसे भरून त्यांनी बायकोला घरी आणलं. फी भरायची मुदत बारा दिवसांवर आली होती.

डॉक्टरीणबाईंनी बिचाऱ्यांनी चूक कबूल केली, सायनस चार महिन्यांचाच आहे असं लिहूनही दिलं. पण कंपनी अडून बसली. मग ती चोवीस वर्षं कुठली, हे पेशंटने स्वतः लिहून द्यावं.

"लिही," सल्लागार म्हणाले. "लग्नापासून माझ्या डोक्याला काहीही ताप नाही."

"खोटं मी लिहून देणार नाही."

"अगं, ते नुसतं बोलायचं असतं."

"मी नुसतं बोलले नव्हते."

त्यांनी समजावलं, आदळआपट केली, एकदा तर स्वतः चहा करून दिला, तोही बिनसाखरेचा झाला. ती ढिम्म. अखेर मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आई, माझी ॲडमिशन जाईल गं." तेव्हा कुठे तिने कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि पाकीट चिकटवलं.

"वाटेत उघडायचं नाही," तिने बजावलं.

विमा कंपनीतले साहेब पाकीट फोडत होते, तेवढ्यात सल्लागारांना राहवेना.

"टेबल जरा खिडकीकडे घ्या, उजेड पाठीमागून यायला हवा. आणि फायली तारखेने काय लावता? आडनावाने लावा. त्या पंख्याचं तोंडही..."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग पत्र मोठ्याने वाचलं.

"'लग्नापासूनची डोकेदुखी हा माझा आजार नाही. ती हे पत्र घेऊन आपल्यासमोर उभी आहे.' हे खरं आहे?"

सल्लागारांनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे फीची तारीख आली.

"खरं आहे," ते म्हणाले.

साहेबांनी शिक्का उचलला. "एरवी पुरावा मागवण्यात आमचे पंधरा दिवस जातात. बाईंनी सोबतच पाठवला, बरं झालं."