जगाला कळू द्या

शिवलिंगअप्पा ब्लॉग लिहायला कोट-टोपी घालून येत. माजलगावच्या भर मे महिन्यातसुद्धा. "अप्पा, कोट काढा की," मी एकदा म्हणालो. तर म्हणाले, "अख्ख्या जगापुढं बनियनवर बसू का बे?"

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला त्यांचं भांड्यांचं दुकान आणि समोर माझं एसटीडी बूथ. त्यात एक कॉम्प्युटर आणून मी सायबर कॅफेची पाटी लावली. ब्लॉगवर कुणीही काहीही लिहावं, सारं जग वाचतं, असं अप्पांनी पेपरच्या पुरवणीत वाचलं आणि दुपारी हजर. कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ते सांगत, मी टाइप करी.

"लिही. आज भेंडी जून निघाली. जगाला कळू द्या."

हे त्यांचं पालुपद. "अमेरिकेतल्या मंडळींनी सोमवारी इकडं येऊ नये, लाईट न्हाई. जगाला कळू द्या." "दुकानातून कुकरची शिट्टी गेली हाय. जगात कुणाला घावली तर आणून द्यावी." आणि शेवटी न चुकता एक ओळ: "जेवून घ्या. माझी वाट बघू नका."

"अप्पा, जर्मनीत आता सकाळ आहे. कोण जेवतंय?"

"मग न्याहारी करा म्हनाव. पर थांबू नका."

आता खरं सांगतो. पहिल्याच दिवशी फोनची लाईन मेलेली होती. मी मजकूर कॉम्प्युटरमध्येच साठवला. अप्पांनी विचारलं, "गेलं का?" गळ्यापर्यंत बटणं लावलेला तो कोट बघून मी म्हणालो, "गेलं." लाईन दुसऱ्या दिवशी आली, पण ब्लॉग उघडतात कसा, हेच मला येत नव्हतं. बाहेर पाटी माझीच, कुणाला विचारणार? मग रोजचंच झालं. ते विचारत, "गेलं का?" मी म्हणे, "गेलं."

एकदा त्यांनी विचारलं, "जग काय म्हनतंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नॉर्वेतल्या एका बाईंना भेंडीचं फार वाईट वाटलं." झालं! पुढचा आठवडाभर अप्पा नॉर्वेला कोवळी भेंडी कशी निवडावी ते शिकवत होते.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. बूथ बसलं, पाठोपाठ कॅफेही. कॉम्प्युटर न्यायला माणूस येणार म्हटल्यावर अप्पा शेवटचं लिहायला आले. त्या दिवशी कोटाला इस्त्री होती.

"लिही. जगा, उद्यापासून मी येनार न्हाई. तुमी माझं लई ऐकून घेतलं. बरं वाटलं. नॉर्वेच्या बाईंनी भेंडी मोडून बघत जावी." एवढं बोलून अप्पा थांबले.

ते 'ऐकून घेतलं' मला टाइप करवेना. "अप्पा," मी म्हणालो, "यातलं काहीच कुठं गेलेलं नाही. सगळं या डब्यातच आहे. नॉर्वेची बाईसुद्धा मीच."

"म्हाईत हाय बे." अप्पांनी टोपी नीट केली. "पुढं रस्ता खोदला तवा फोनची तार तुटून आठ दिस माझ्या दुकानाम्होरं पडलती. रोज तिला वलांडून यायचो. तवा बी तू म्हनायचास, गेलं."

"मग येत कशाला होता?"

"तुझी काकू होती तवा हेच समदं तिला सांगायचो. भेंडी, लाईट, शिट्टी. शेवटी शेवटी तिला ऐकूच येत नव्हतं. तरी जेवायला माझ्यासाठी थांबायची, अन् मी बोललो की हं म्हनायची. किती डाव खुणा करून सांगितलं, जेवून घेत जा."

मी पडद्याकडे वळलो. राहिलेली ओळ न विचारताच टाइप केली: जेवून घ्या. माझी वाट बघू नका.

"गेलं का?" अप्पांनी विचारलं.

"गेलं."

त्यांनी एकेक बटण सोडलं, कोट काढून मांडीवर घेतला आणि बनियनवर वारा घेत म्हणाले, "लई उकडतंय बे तुझ्याकडं."