पहिल्या नंबरचा ब्रेक

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ऑरिन ट्वेटनच्या गॅरेजच्या तोंडाशी घडीच्या टेबलावर सव्वीस वस्तू मांडलेल्या होत्या. ब्रेकचे नवे संच दोन, ते जागेवर आवळायचे नट आठ, ड्रम दोन, बेअरिंग चार, ऑइल सील दोन, वॉशर दोन, मोठे नट दोन, स्प्लिट पिना दोन आणि ग्रीसच्या टोप्या दोन. प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर, बसवायच्या क्रमाने, एक ते सव्वीस आकडे टाकलेले होते. बारीकसारीक वस्तू बायकोच्या, मार्लिसच्या, मफिनच्या साच्यात, एकेका वाटीत एकेक. ऑरिनने दोनदा मोजलं आणि मग चाकं काढायला घेतली.

तीस वर्षं त्याने ऑस्टबीच्या धान्य कोठारात वजनकाटा सांभाळला होता. गाडी काट्यावर असताना शेतकरी फार गप्पा मारायला लागला की गाडीखाली वाकून पाहायचं, एवढं ज्ञान त्याने त्या नोकरीत मिळवलं होतं. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, वाकून पाहणं सुटलं नाही.

चाकं होती त्याच्या कॅम्परची. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं ते चाकांवरचं छोटं घर पिकअपच्या मागे जोडून तो आणि मार्लिस एकेचाळीस उन्हाळे उत्तरेच्या तळ्यावर गेले होते. बेचाळिसाव्याला तळ्याच्या उतारावर ऑरिनने ब्रेक दाबला. पिकअपने ऐकलं, कॅम्परने ऐकलं नाही. त्याने मागून पिकअपला असं ढकललं की पुढची दोन्ही चाकं पाण्यात गेली आणि मार्लिसच्या मांडीवरचं बटाट्याचं सॅलड समोरच्या काचेवर गेलं. मार्लिसने तेव्हा नुसती काच पुसली. बोलली ती आज सकाळी, चर्चच्या तळघरात रुबार्ब पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, विकायला निघताना.

"वीस मैलांचा वेग, नुसता कॅम्परचा ब्रेक आणि ऐंशी फुटांत थांबायचं," ती म्हणाली. "एक इंच जास्त गेलास तर सोमवारी मी शिमेकांच्या कॅम्परबरोबर जाणार. जनेटने जागा ठेवलीय माझ्यासाठी."

"नॉर्बर्टच्या मागे बसून?"

"त्याचा कॅम्पर नवा आहे."

"माणूस जुनाच आहे."

"जुना माणूस मला चालतो, ऑरिन. जुना ब्रेक चालत नाही."

नॉर्बर्ट शिमेक हा समोरचा शेजारी, जनेट त्याची बायको. गेली बावीस वर्षं तो ऑरिनची शिडी नेत होता आणि दर वेळी परत आणून देत होता. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं ऑरिनचं जुनं मत होतं.

त्या दिवशी गावाचा वार्षिक गॅरेज सेल होता. घरोघरी लोकांनी जुन्या वस्तू विकायला दारात टेबलं टाकली होती आणि शेजारच्या तीन जिल्ह्यांतल्या गाड्या मुंगीच्या पावलांनी फिरत होत्या. ऑरिनला हा प्रकार आवडत नसे. त्याने पाटी लावली नव्हती, सेलच्या नकाशात नाव दिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या मते त्याचा त्या सेलशी काही संबंध नव्हता. तो कॅम्परच्या पलीकडच्या बाजूला आडवा झाला आणि डावा जुना ब्रेक सोडवू लागला. अस्तर झिजून पत्र्याला टेकलं होतं. ब्रेक ओढणाऱ्या विजेच्या मॅग्नेटच्या तोंडावर बोट जाईल एवढा खळगा पडला होता. तो खळगा त्याने मोजपट्टी लावून मोजलासुद्धा.

खालून त्याला फक्त पाय दिसत होते. पांढरे बूट आले, टेबलापाशी थांबले, गेले. मग दोन जोड्या आल्या आणि हसण्याचा आवाज आला. मग एक बाई चांगल्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "सव्वीस!"

ऑरिनचा पाना हातात थबकला. सव्वीस हा आकडा त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता. मार्लिसलाही त्याने सांगितला नव्हता. म्हणजे ही माणसं उभी राहून त्याच्या वस्तू मोजत होती. तो कान देऊन पडून राहिला. एवढ्यात तपकिरी बुटांची जोडी आली. उजव्या बुटावर पिवळ्या रंगाचा थेंब. ते बूट नॉर्बर्टचे होते; तो रंग सांडला तेव्हा शिडी ऑरिनचीच होती. बूट बराच वेळ टेबलापाशी उभे राहिले. मग गेले, पण येताना होते त्यापेक्षा जास्त वेगाने.

ऑरिन सरपटत बाहेर आला आणि टेबलाकडे धावला. त्याने मोजलं. पंचवीस. उलट्या बाजूने मोजलं. पंचवीस. एक नंबर गेला होता, म्हणजे उजव्या चाकाचा नवा कोरा ब्रेकसंच. हेतू काय, ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. एका चाकाला ब्रेक नाही, की कॅम्पर थांबत नाही, की मार्लिस नॉर्बर्टच्या मागे बसते.

तो हात पुसून समोर गेला. नॉर्बर्ट आपल्या टेबलामागे खुर्ची टाकून बसला होता. ऑस्टबीत कोणी कोणाला सरळ काही विचारत नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा तिथला शिष्टाचार आहे. त्यामुळे आधी पावसावर बोलणं झालं, मग मक्यावर, मग डासांवर.

"तुझ्याकडे गर्दी दिसतेय आज," शेवटी नॉर्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मऊ होता.

"तूही येऊन गेलास वाटतं."

"आलो होतो, जरा." नॉर्बर्टने खुर्चीशेजारचं घोंगडं पायाने हळूच ओढून घेतलं. "कठीण असतं रे असं काही."

"कसं काही?"

"काही नाही. कॉफी घेतोस?"

घोंगड्याखालून ब्रेकसंचाच्या हिरव्या वायरीची दोन टोकं बाहेर डोकावत होती. ऑरिनने ती पाहिली. ऑरिनने पाहिली हे नॉर्बर्टने पाहिलं. दोघांनी कॉफी घेतली.

घरी येईपर्यंत ऑरिनचा बेत ठरला. चोराला मुद्देमालासकट धरायचं. एक नंबर नेणारा दोन नंबर न्यायलाही येणारच. तो गॅरेजमधल्या फ्रीजरच्या मागे बादली पालथी घालून बसला. दहा मिनिटं कोणी आलं नाही. मग उन्हाची टोपी घातलेली एक ठेंगणी बाई आली. तिने ग्रीसची टोपी, नंबर सव्वीस, उचलून पाहिली, मान हलवली आणि खाली ठेवली. मग अकरा नंबरचा ड्रम दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि साच्याच्या एका वाटीत नोटा कोंबल्या.

ऑरिन फ्रीजरमागून उभा राहिला. "बाई, तो ड्रम खाली ठेवा."

बाई दचकली, पण ड्रम सोडला नाही. "अकरा डॉलर टाकलेत मी. खरं तर आठच्या वर एक पै देऊ नये. रंगसुद्धा दिलेला नाही."

"कसले अकरा?"

"तुम्हीच लिहिलंय की. कुंडी करणार आहे मी याची, पाणी जायला भोकं आयतीच आहेत." मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "पण तुमच्या किमतीचा काही मेळ लागत नाही हो. एवढंसं झाकण सव्वीसला आणि तो डबा भरेल एवढा नवा ब्रेक दोनला? माझा नवरा गाडीत बसून हसतोय मघापासून. आता तर तो ब्रेक घ्यायला येतोय."

ऑरिनने टेबलाकडे पाहिलं. उघडं गॅरेज, घडीचं टेबल, चिकटपट्ट्या, आकडे, गावाच्या सेलचा शनिवार. मग त्याने तीन नंबरच्या वाटीतला नट उचलला. खाली घडी केलेली एक डॉलरची नोट होती.

बाईला अकरा डॉलर परत करून वर रुबार्ब पायच्या एका तुकड्याचं वचन द्यावं लागलं, तेव्हा ड्रम सुटला. तिचा नवरा वाटेतूनच परत फिरला. ती गेल्यावर ऑरिन चिकटपट्ट्या ओरबाडून काढत असतानाच रस्ता ओलांडून नॉर्बर्ट आला. काखेत घोंगड्यात गुंडाळलेला ब्रेक होता.

"राहवेना," तो म्हणाला. "हे घे."

"तू विकत घेतलास?"

"एक लांबचा माणूस घेऊन चालला होता, एका डॉलरला. माझा डॉलर आधी पडला." नॉर्बर्ट जमिनीकडे पाहत होता. "मला वाटलं, मार्लिस आमच्याबरोबर येणार म्हणून तू रागाने सगळं विकायला काढलंस. अशा वेळी माणसाला काही विचारू नये. म्हटलं, राग उतरेल तेव्हा लागेल याला. तोवर घोंगड्याखाली राहू दे."

"मला वाटलं तू चोरलास."

"ते दिसलं. कॉफी पिताना तू माझ्याकडे वजन वाढवायला भिजवलेल्या मक्याच्या गाडीकडे पाहावं तसा पाहत होतास."

नॉर्बर्ट गुडघ्यावर बसला आणि त्याने उजव्या चाकाच्या वायरी धरल्या. मध्येच ऑरिनने वाकून पाहिलं. नॉर्बर्टने आखूड अस्तर, नियमाप्रमाणे, पुढच्या बाजूलाच ठेवलं होतं. तरी ऑरिनने पुन्हा एकदा पाहिलं.

चार वाजता दोघांनी कोठाराच्या मागच्या सपाट रस्त्यावर कॅम्पर नेला. ब्रेकसोबत आलेल्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे अस्तर बसण्यासाठी वीस वेळा ब्रेक दाबून घेतला. ऑरिनने वीस रेघा ओढल्या. पाच वाजता मार्लिस आली. तिच्या हातात शंभर फुटी टेप, खडू आणि कोठाराचं वजनाच्या पावत्यांचं जुनं पुस्तक होतं. सोबत जनेट होती. आणि मागे शिमेकांचा नवा कॅम्पर होता.

"हा कशाला आणलास?" नॉर्बर्टने मार्लिसला विचारलं.

"ज्याच्या मागे बसायचं, तो थांबतो का ते नको पाहायला?"

"अगं, नवा आहे तो. दोन वर्षांत एकदाही हात लावावा लागला नाही."

"म्हणूनच," मार्लिस म्हणाली आणि तिने रस्त्यावर खडूने रेघ ओढली. "वीसच्या वेगाने या रेघेवर या आणि ऐंशी फुटांत थांबा. पायाचा ब्रेक नाही, फक्त कॅम्परच्या ब्रेकची हाताची दांडी. जनेट, तू शेजारी बसून वेगाच्या काट्यावर नजर ठेव. दोघांच्याही. यांच्या शब्दावर मी जायची नाही."

दोघांच्या दोन-दोन फेऱ्या झाल्या. जनेटने वेग सांगितला, मार्लिसने टेप ताणला, एकदा टेप पुरला नाही तेव्हा खडूने खूण करून पुढे मोजलं. मग तिने प्रत्येकाची जास्त लांबलेली फेरी पावतीवर पेन्सिलीने लिहिली, सही केली आणि पावती फाडून पिकअपच्या बॉनेटवर ठेवली. दोघे पुरुष वाकून वाचू लागले.

शिमेक, एकशे तीन फूट. ट्वेटन, अडुसष्ट फूट तीन इंच.