मोरेश्वरभाऊ आणि पार्बताबाईचा भात

मोरेश्वरभाऊंशी बोलताना एका वेळी एकच विषय काढायचा. चहा पिताना मी पावसाचं बोललो, की ते म्हणणार, "थांबा शेखभाऊ. पयले चहाचं संपवा. पावसाचं मंग." चहात साखर कमी आहे हे एकदा रीतसर ठरलं, की पावसाला परवानगी.

कुरखेड्यात आमची धान पिकवणाऱ्यांची एक लहानशी संस्था आहे. मी तिथला पत्रव्यवहार बघतो, मोरेश्वरभाऊ संगणक. मागच्या वर्षी त्यांनी एक चॅटबॉट करायला घेतला. शेतकऱ्यानं मोबाइलवर प्रश्न विचारायचा, त्यानं आपोआप उत्तर द्यायचं.

"हा सोताच्या मनानं नाई बोलत जी," ते मला समजावत. "आपण नियम लिहू तेवढंच बोलते. करपा रोग म्हटलं का करप्याचा विषय उघडला. तो संपल्याबिगर दुसरा नाई."

भाऊंना अखेर मनासारखा माणूस मिळाला होता.

पहिल्याच दिवशी एकानं धानावरच्या करप्याचं विचारलं. बॉट म्हणाला, "पानांवर डाग आहेत का?" त्या गड्यानं लिहिलं, "बायको माहेरी गेली." बॉट म्हणाला, "किती दिवसांपासून?" "चार." "पसरण्याआधी फवारणी करा."

आम्ही दोन दिवस हसत होतो. भाऊ मात्र कपाळाला हात लावून बसले. "मानसं सरळ काऊन नाई बोलत बापा?" मग त्यांनी नवा नियम लिहिला. माणूस भरकटला, तर अर्धा विषय बाजूला ठेवायचा, त्याचं बोलणं होऊ द्यायचं आणि नंतर नम्रपणे विचारायचं, "आता करप्याकडे वळू या का?"

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात पार्बताबाई आली. जवळच्याच एका गावातली म्हातारी. नातवानं तिला फोनमध्ये बोलून संदेश पाठवायला शिकवलं होतं. रोज दुपारी तिचा एकच प्रश्न, "जेवला का?"

बॉट म्हणाला, "समजलं नाही. पिकाचं नाव सांगा."

"भात. आन् वांग्याची भाजी."

"वांग्याला अळी लागली आहे का?"

"नाई बापा, चांगली झाली होती."

मला वाटलं, भाऊ आता हिचा नंबर बंद करणार. पण त्यांनी 'पार्बताबाई' नावाचा वेगळाच विषय उघडला. बॉट तिला सांगू लागला, "हो, जेवलो. तुम्ही?"

पुढं एकदा चार दिवस तिचा संदेशच आला नाही. पाचव्या दिवशी भाऊंनी गाडी काढली. "चला शेखभाऊ, पाहून येऊ."

म्हातारी ओसरीवर पाय पसरून बसली होती. पाय मुरगळला होता, फोन पाण्याच्या हंड्यात पडला होता. भाऊंनी ओळख सांगितली तशी ती हसली. "तूच का रे तो? किती अळ्या इचारतं!"

मग ती बोलायला लागली. शेळीचं सांगता सांगता माजरी गावात दिलेल्या लेकीवर गेली. लेकीवरून मोहफुलांवर, तिथून गेलेल्या नवऱ्यावर आणि पुन्हा शेळीवर. एकही गोष्ट पुरी झाली नाही. भाऊ तास-दीड तास "हव", "मंग?" करत ऐकत राहिले.

परतताना एका पुलावर त्यांनी गाडी थांबवली.

"माही आई अशीच बोले," ते म्हणाले. "मी तिले दरखेपी मधातच अडवत होतो. पुढं पुढं तिनं मले सांगनंच सोडलं. कायकाय राहून गेलं असन तिच्या पोटात."

खाली नाल्याचं पाणी वाहत होतं. मग त्यांनी विचारलं, "शेखभाऊ, तुमची अम्मी कशी हाय आता?"

सहा वर्षांच्या ओळखीत ते पहिल्यांदाच माझ्या घरचं विचारत होते. मी सांगायला लागलो, तसं भाऊंनी गाडीचं इंजिनच बंद केलं.