तातेराव गुरुजींचा पहिला झुरका

व्यसन सुटण्यासाठी ते आधी लागलेलं असावं लागतं, हे शासनमान्य सत्य आहे. परतूरच्या तातेराव गुरुजींना ते पंचाहत्तराव्या वर्षी कळलं.

गुरुजींनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील त्यांनी पाळलं, आणि चाळीस वर्षं विहाराच्या ओट्यावर बसून एकशे बारा जणांची दारू सोडवली. (एकशे तेरावा पुन्हा प्यायला लागला, तो त्यांना अजून खटकतो.) या कामासाठी कुणी कधी सत्काराचा नारळही दिला नव्हता. एकदा तरी चार माणसांत नाव घेतलं जावं, एवढी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी व्यसनमुक्ती प्रबोधन समन्वय उपसमितीकडे पुरस्कारासाठी अर्ज केला. 'सोडलेल्या व्यसनाचे नाव' या रकान्यात 'निरंक' लिहिलं. अर्ज त्रुटीत निघाला.

तेवढ्यात नात मोनालीला मोबाइलवर एक जुनं गाणं सापडलं.

एकोणिसशे एकोणसत्तरच्या सुमारास नशेविरुद्ध जे सिनेमे निघत, त्यांत प्रबोधन शेवटच्या चार मिनिटांत असे. आधीचे अडीच तास नशा कशी करावी ते रंगीत दाखवत. पहिल्या झुरक्याला कॅमेरा तिरपा होई, भिंती लाल-हिरव्या होत आणि सतार आपली आपण वाजू लागे. दुसऱ्या झुरक्याला शिकलेली मुलगी केस मोकळे सोडून इंग्रजीत हसे. तिसऱ्याला तिच्या विधवा आईला खोकला लागे. (आई झुरका घेत नसे, तरीही.) जाणकारांच्या मते हे सिनेमे पाहून शंभरातले सत्त्याण्णव प्रेक्षक बिघडले नाहीत, कारण तसली पार्टी कुठं भरते ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मोनालीच्या गाण्यातल्या अशाच एका पार्टीत, एकोणीस वर्षांचे तातेराव तीन दिवस गर्दीतले हिप्पी म्हणून उभे होते. डोक्यावर लांब केसांचा टोप, गळ्यात झेंडू, हातात रिकामी चिलीम आणि दिग्दर्शकाच्या हुकमावरून फिरवलेले डोळे.

मोनालीनं ते गाणं घरच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत तालुक्यानं पाहिलं, आणि सकाळी उपसमितीच्या अरुंधती मॅडमचा फोन आला.

"गुरुजी, पुरावा मिळाला. अर्ज मंजूर."

"मॅडम, ते सोंग व्हतं. म्या कधी काही ओढलं न्हाई."

"ते बराबर आहे हो. पण सभागृह घेतलंय, सहाशे मुलं येऊन राह्यलीत."

जालन्याच्या सभागृहात गुरुजी उभे राहिले आणि सहा मिनिटं खरं बोलले. मुलांनी मोबाइल काढले. मागच्या रांगेतून एक पोरगं उठलं, मग अख्खी रांग उठली. मॅडमकडून चिठ्ठी आली, 'कृपया झुरक्यावर यावे.'

गुरुजींनी चिठ्ठीची घडी केली. चाळीस वर्षांत सहाशे माणसं त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती, आणि आता तीही उठून चालली होती.

"मंग," ते म्हणाले, "पहिला झुरका घेतला, अन् समोरची भिंत हालाया लागली."

उठलेली रांग खाली बसली. पुढची वीस मिनिटं गुरुजींनी भिंती वितळवल्या, सतार वाजवली आणि शेवटी आईला खोकला लावला. कार्यक्रम संपल्यावर सतरा मुलांनी गुटख्याच्या पुड्या मंचावरच्या डब्यात टाकल्या. एका दिवसात एवढं यश त्यांना कधीच आलं नव्हतं. मानपत्रावर 'अट्टल व्यसनातून सावरलेले' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये गुरुजींच्या पत्नी बेबीनंदाबाई सत्काराची शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाचवं शील तुम्ही कधी मोडलं न्हाई. अन् मोडलं म्हून सांगायला आज चौथं मोडलं."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. गुरुजींना लाज वाटली. नवऱ्याच्या तोंडाला वास नाही, एवढ्या एका गोष्टीवर ही बाई वस्तीत मान वर करून चालत आली होती. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

उपसमितीनं अहवालात कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद केली आणि गुरुजींना आणखी नऊ तालुक्यांच्या तारखा दिल्या. पहिली सहा मिनिटं वगळावीत, अशी सूचना सोबत जोडली.

त्या सहा मिनिटांत गुरुजी काय बोलले, ते इथंही एका वाक्यात उरकलं आहे. त्याबद्दल अद्याप एकाही वाचकाची तक्रार आलेली नाही.