दर्याकाठची गाडी आणि आवडाबाई मातुश्रींचा शोध

श्री वरुणदेव साह्य असो. शके अठराशे पंच्याऐंशी, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी जे घडले ते ऐकिले तैसे निवेदन केले असे.

एके राज्यात समुद्रकाठाने राजधानीपर्यंत गाडी चाले. छत काचेचे, खिडक्या माणसाएवढ्या, आणि रयतेने बैसून दर्या, खाड्या, डोंगर पाहावे ऐसी सरकारची मर्जी. त्या गाडीत सरकारी बागांचे हवालदार सुभानजी नाईक आपल्या मातुश्री आवडाबाई आणि कुटुंब उमाबाई यांसह बैसले. मातुश्रींची स्मृती उतरणीस लागली होती. कधी लेकास भाऊ म्हणत, कधी ओळखच देत नसत. "एकवार समुद्र दाखवा," इतकाच हट्ट. म्हणोन सुभानजींनी बेत केला, परंतु जीव मुठीत. बोगदा आला की मातुश्रींचा हात धरीत आणि उजेड झाला की मुद्रा न्याहाळीत. उमाबाई बोलल्या, "आपणही जरा बाहेर पाहावे. मी आहे ना जवळ."

मग पुळणीलगत लहान स्थानक आले आणि उतारूंनी दर्या पाहावा म्हणोन गाडी थांबली. उमाबाई तांब्या भरावयास उतरल्या, आणि सुभानजी खाली पडलेली शाल उचलावयास वाकले, आणि वर पाहतात तो मातुश्री जागी नाहीत! मग डबे धुंडिले, फलाट धुंडिला, कोणी पुढे गेल्या म्हणे, कोणी मागे, आणि तशातच शिटी झाली. सुभानजींनी गार्डाचे पाय धरिले. गार्ड मालोजी म्हणाले, "नाईक, हे काय करता! रूळ एकच आहे, समोरची गाडी आमच्यासाठी खोळंबली. थोडे थांबतो, फार थांबवत नाही." थोडे थांबलेही. मग हात जोडून निशाण दाखविले. सुभानजी कुटुंबास म्हणाले, "तुम्ही बसा. न जाणो, गाडीतच कोठे असतील. पुढल्या स्थानकी उतरून वाट पाहा." गाडी गेली आणि सुभानजी एकले राहिले.

भरती चढत होती. सुभानजी पुळणीवर धावत सुटले, आणि हाका मारिता घसा बसला, आणि लाटेच्या तोंडी एक वहाण दिसली ती मातुश्रींचीच वाटली. उचलून पाहिली, पुरुषाची निघाली. मग सुरूच्या बनापलीकडे पालथी होडी, आणि होडीवर मातुश्री स्वस्थ बैसल्या!

सुभानजी वाळूतच बैसले आणि हुंदका आवरेना. मातुश्रींनी निरखून पाहिले. ओळख पटली नाही.

"का रे रडतोस? आई चुकली काय तुझी?"

सुभानजींनी होय म्हणोन मान हालविली.

"अरे, भिऊ नको. तीही तुलाच शोधीत असेल. चल, आपण पाहू." ऐसे बोलून मातुश्री उठल्या, पदराने त्यांचे डोळे पुसले, आणि हात घट्ट धरून निघाल्या. वाटेत जाळे विणीत बैसलेल्या कोळ्यास पुसिले, "बाबा, याची आई पाहिलीस का?" कोळी दोघांकडे पाहातच राहिला. सुभानजी मागोमाग चालले.

मग दुसरी गाडी आली, उभयता बैसली, आणि पुढल्या स्थानकी उमाबाई मिळाल्या. सारांश, मातुश्री सुखरूप आल्या, आणि राजधानी येईतो त्यांनी त्या परक्या लेकराचा हात सोडिला नाही. वर्तमान इतुकेच.