सायलीला डाउट आहे

सायली वानखेडे मुलाखत घ्यायला बसली, की उमेदवाराची खुर्ची आधी स्वतः हलवून बघते. खुर्ची भक्कम असेल तर ती बाजूला करते आणि आमच्या घरातली डुगडुगती खुर्ची शोधून आणते.

"मतलब, सर, ज्याला या खुर्चीवर अर्धा तास बसता येत नाही, तो तिकडे सहा आठवडे काय टिकणार?"

तिकडे म्हणजे श्रीलंकेत. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी स्वतःच उभी केलेली एक छोटी संस्था आहे. दर उन्हाळ्यात आठ विद्यार्थी निवडायचे आणि समुद्रापलीकडच्या एका चहामळ्यातल्या शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवायला पाठवायचे, एवढंच तिचं काम. संस्थेत वयानं मोठा माणूस एकटा मी. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि संस्थेचा सल्लागार आहे, म्हणजे दाखवतील तिथे सही करतो. बाकी सगळा कारभार, जे एकदा जाऊन आलेत त्यांच्या हातात. त्यांची म्होरकी ही सायली.

ती आमच्याच प्रताप नगरात, दोन गल्ल्या सोडून राहते. वडील रेल्वेत. अमरावतीहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. पोरीचं मराठी आईच्या वऱ्हाडीवर आणि शाळेच्या हिंदीवर पोसलेलं. तोंडात दोनच शब्द कायम, 'मतलब' आणि 'डाउट'. एकदा मी प्रेमानं म्हटलं, "अगं, घरी तरी काका म्हण." तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "का? काही काम आहे का, सर?"

तिच्या आईला मी ही तक्रार सांगितली, तर ती माउली पदर तोंडाला लावून हसली. "सरजी, हे तं काहीच नाही. लहान होती तवा दूध प्याच्या आधी वाटीत बोट घालून पाहे. म्हणे, आई, पाणी तं नाही टाकलं?"

मुलाखती दर रविवारी सकाळी आमच्या बैठकीत होतात. कॉलेजातली खोली तिला चालत नाही. तिथे भिंतीपलीकडून कुणी प्रश्न ऐकून बाहेरच्यांना सांगेल असा तिला डाउट आहे. माझी बायको पोरांना चहा देते, तर सायली त्या चहावरही नजर ठेवून असते. कप परत नेऊन ठेवणाऱ्याला एक गुण. "काकूंचा चहा छान आहे" असं पहिल्याच घोटाला म्हणणाऱ्याचा एक गुण कापला जातो. (बायकोला काकू म्हणते, मला नाही. हे मी विसरलेलो नाही.)

मागे एक मुलगा आला होता. इस्त्रीचा कुर्ता, गोड आवाज. बसता बसता म्हणाला, "दीदी, मुझे बच्चों से बहुत प्यार है."

"कौन से बच्चों से?" सायलीनं वही उघडली. "नाम बताओ."

तो गडबडला. "मतलब... सब बच्चों से."

"एक का तो नाम बताओ."

बिचाऱ्याला सख्ख्या भाच्याचंही नाव आठवेना. खुर्ची डुगडुगत राहिली.

यातून जे पार पडतात त्यांना जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका शाळेत आठवडाभर शिकवून दाखवावं लागतं. पहाटेची आग्रा रोडची बस धरायची, दुपारी परत यायचं. चौथ्या दिवशी सायली न सांगता तिथे जाते. वर्गात जात नाही. बाहेर कडुनिंबाखाली उभी राहते आणि सुट्टी झाली की पोरांना गाठून विचारते, "भैया ने फोन कितनी बार देखा?" मुलं बोटांवर मोजून सांगतात. मुलांच्या साक्षीवर मात्र तिला कधीच डाउट येत नाही.

पण खरी गोम शेवटच्या प्रश्नात आहे. प्रश्न साधा. "निघायच्या दिवशी एखादं मूल विचारेल, पुन्हा कधी येणार? काय सांगशील?"

दहातले नऊ जण ओठांवर हसू आणून म्हणतात, "अगले साल, पक्का!"

सायली वही मिटते. नापास. आतापर्यंत कितीही गुण मिळालेले असोत, नापास. संस्थेचा नियमच आहे, आणि तो तिनंच लिहिलाय. एकदा गेलेला पुन्हा जाणार नाही. त्याची जागा नव्याला. म्हणून परत येईन असं कुणी मुलांना सांगायचं नाही.

संशय हा संसर्गजन्य रोग आहे. चार वर्षं तिच्यासोबत बसून मलाही तो जडला. मला तिचाच डाउट येऊ लागला.

त्याचं असं, की दरवर्षी तिकडून परत आलेली पोरं शाळेचा सगळ्या मुलांचा फोटो आणतात. मी दोन मिनिटं बघतो आणि "वा" म्हणतो. सायली तो फोटो फोनवर मोठा करून, बोटानं सरकवत, एकेक चेहरा तपासते. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपल्या पोरांनी काही लबाडी केलीय का ते बघत असेल. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की तिचं बोट दरवेळी पुढच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन थांबतं. गेल्या वर्षीच्या फोटोत रिकामी खुर्ची नव्हती. सगळी मुलं दाटीवाटीनं बसलेली. सायलीनं फोटो पाहिला, फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे."

सायली वानखेडे एखाद्या गोष्टीला ठीक आहे म्हणते? त्या दिवसापासून मी सावध झालो.

यंदा निघायला बारा दिवस उरले असताना निवडलेल्यांपैकी एक मुलगा दुर्गापुऱ्यात स्कूटरवरून पडला आणि पाय मोडून घेऊन बसला. एक जागा रिकामी. संध्याकाळी लोकेश माझ्याकडे आला. लोकेश मीणा सायलीच्याच तुकडीतून गेलेला, तिच्याइतकाच जुना. दार लावून घेऊन म्हणाला, "सर, सायली को भेज दीजिए. एमएस्सी का आख़िरी साल है. अब नहीं गई, तो कभी नहीं जाएगी."

"नियम तिचाच आहे ना रे?"

"इसीलिए तो आपके पास आया हूँ."

मग त्यानं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी सायलीच्या वर्गात चौथीतली सेल्वी नावाची मुलगी होती. दिवसभर हिच्या ओढणीचं टोक धरून फिरायची. निघताना तिनं विचारलं, "अक्का, पुन्हा कधी?" सायली म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात. खरंच जाणार होती. नेमकं तेव्हाच वडिलांचं बायपास निघालं. दुसरी तुकडी गेली, तर सेल्वी फोटोच्या वेळी शेजारची खुर्ची कुणाला देईना. अक्का यायची आहे म्हणे. तो फोटो पाहून सायली दोन दिवस कॉलेजला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती नियम लिहूनच.

चार वर्षं मी या पोरीची थट्टा करत होतो. मला माझीच लाज वाटली, ते इथे सांगून टाकतो.

रविवारी तिला घरी बोलावलं. डुगडुगती खुर्ची मी आधीच मांडून ठेवली होती.

"हे काय, सर?"

"रिकाम्या जागेसाठी उमेदवार. बस."

"नियमात नाही बसत." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मतलब, मी बाकीच्यांना नाही म्हणते आणि स्वतःच..."

"सही माझी लागते की नाही? मग बस."

ती बसली. मी तिचेच प्रश्न विचारले, तिच्याच वहीतून. एका मुलाचं नाव सांग म्हटल्यावर तिनं ते चटकन सांगितलं. खुर्ची मुळीच हलत नव्हती. मग मी शेवटच्या प्रश्नाला आलो.

"निघायच्या दिवशी सेल्वी विचारेल, अक्का, पुन्हा कधी येणार? काय सांगशील?"

आतून बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ती नाही विचारणार, सर," सायली म्हणाली. "एकदा विचारलं ना तिनं. आता आठवीत गेली असेल. मतलब, समजतं आता तिला. कुणासाठी खुर्ची पण नाही ठेवत."

आणि ती रडली. अगदी लहान पोरीसारखी, ओढणीनं नाक पुसत. मला काही सुचेना, म्हणून मी सही केली. नाक पुसून झाल्यावर तिनं कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "सही नेहमीचीच आहे ना, सर? यावेळी जरा वेगळी दिसते."

ती गेली. सहा आठवडे तिचे निरोप येत राहिले ते ठरलेलेच. मळ्यातल्या दुधावर डाउट, बसच्या ब्रेकवर डाउट, मुख्याध्यापकांच्या घड्याळावर डाउट. सेल्वीबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

निघायच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे मुलांचा गलका. आधी शाळेचा फोटो पाठवला होता. पुढच्या रांगेत सायली नेहमीच्या संशयी चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि शेजारी दोन वेण्यांची एक उंच मुलगी. तिच्या मुठीत सायलीच्या ओढणीचं टोक.

"विचारलं का गं तिनं?" मी म्हणालो.

"विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

पलीकडे कुणीतरी "अक्का, अक्का" करून हाक मारत होतं.

"काका," ती म्हणाली, "मी नापास झाले."