लाल दिवा लागला की उत्तर द्यायचं

आमच्या अमळनेरच्या गल्लीत वसंतनाना हा एकच माणूस असा होता, की जो जर्मन भाषेत हॉटेलची खोली मागू शकत असे, डॉक्टरला पोटदुखी समजावू शकत असे, पण भाजी घेऊ शकत नसे. कारण जर्मन शिकवणाऱ्या बारा कॅसेटींच्या संचातली पाचवी हरवलेली होती आणि बाजाराचा धडा नेमका त्या पाचवीत होता.

"जर्मनीत गयात तर खाशात काय नाना?" कोणीतरी विचारायचं.

"डॉक्टरकडे जासू. तो काही देईच ना."

नाना तेलाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. गिरणी बंद पडली, वहिनी गेल्या, मुलगा सुधीर पुण्याला स्थायिक झाला. घरात उरले नाना आणि त्यांचे उघडलेले रेडिओ. दुरुस्त झालेली वस्तू ते बंद करत नसत. त्यांच्या मते झाकण लावलं की वस्तू खोटं बोलायला लागते. त्यांच्याकडचा पंखासुद्धा पोटातल्या वायरी दाखवत फिरायचा.

जर्मन भाषा शोधायला ते गेले नव्हते. जळगावच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जुना टेपरेकॉर्डर आणला, त्याच्या खोक्यात हा कॅसेटचा संच निघाला. "टेपनी मोटारसाठे लेयेल व्हता. भाषा फुकट उनी भो," असं ते सगळ्यांना सांगत.

कॅसेटवर एक बाई आधी इंग्रजीत सूचना द्यायची, मग जर्मनमध्ये प्रश्न विचारायची आणि उत्तरासाठी थोडी जागा सोडायची. ती जागा नानांना पुरेना. उत्तर जुळेपर्यंत बाई पुढे निघून गेलेली असे. मग त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक यंत्र बसवलं. प्रश्न संपला की टेप थांबायची आणि लाल दिवा लागायचा. तुम्ही मोठ्याने काही बोललात की डब्यात टक् असा आवाज होऊन टेप पुढे सरकायची. शिवाय दुसऱ्या रेकॉर्डरवर बाईचा प्रश्न आणि नानांचं उत्तर दोन्ही उतरत, म्हणजे मागाहून चुका ऐकता याव्यात.

यंत्राला एकच खोड होती. कोण बोललं हे त्याला कळत नसे. बाईने विचारलं, "तुमचं लग्न झालं आहे का?" आणि नाना विचारात पडलेले असताना रस्त्यावरचा भंगारवाला ओरडला, तर बाई त्यावर समाधान मानून पुढच्या प्रश्नाला लागायची. शेजारच्या कुकरच्या शिट्टीने एकदा अख्खा रेल्वे स्टेशनचा धडा पार पाडला होता.

इथपर्यंत मी हे सगळं हसत सांगत असे. पुढचं मी परवापरवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मी तहसील कचेरीतून निवृत्त झालो तेव्हापासून नाना रोज संध्याकाळी पाचला माझ्या ओट्यावर येत. चहा व्हायचा, मी बोलायचो, ते ऐकायचे. मला वाटे, हा आमचा दोघांचा नेम आहे. कॅसेटी आल्या आणि पाचाचे सहा झाले. मग कधी येत, कधी नाही. एकदा चहा निवून गेला म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "अहो नाना, येताय की नाही?"

त्यांनी मागे न बघता बोट वर केलं. "थांब आप्पा." पुढे ते काहीतरी म्हणाले, पण तोवर मी पाठ फिरवली होती. कचेरीत तीस वर्षं मी लोकांना थांबवलं होतं. मला कोणी थांबवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "नाना हल्ली एकटेच बोलतात." आठ दिवसांत गल्लीतल्या पोरांना ते पाठ झालं. मग मी सुधीरला फोन केला.

"तुझे वडील भिंतीशी बोलतात रे."

"काय बोलतात काका?"

"काही समजत नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. भिंतीपाशी टेबल होतं, त्यावर तो डबा होता, आणि मला जर्मन समजत नव्हतं. फक्त कॅसेटचं नाव मी काढलं नाही.

सुधीर चौथ्या दिवशी आला. लाल दिव्यासमोर हात हलवत बोलणारे वडील त्याने दारातून पाहिले. नाना खूश झाले. कोणीतरी यंत्र बघायला आलं होतं. ते त्याला समजावू लागले, मी बोलल्याशिवाय बाई पुढे जात नाही, ती माझी वाट बघते. जितकं समजावत तितका सुधीरचा चेहरा उतरत गेला. शेवटी नाना माझ्याकडे वळले.

"आप्पा, सांग ना याले."

मी माझ्या चपलांकडे बघितलं. "एकदा पुण्याला दाखवून आणू," म्हणालो.

डबा इथेच राहिला. पुण्याहून नाना फोनवर बोलत, पण मी काही विचारलं की बराच वेळ काही आवाज नसे. लाइन गेली असं वाटून मी फोन ठेवायला जाई, तेव्हा कुठे सगळं बरं असल्याचं उत्तर येई, "बठ्ठं बरं शे." ते परत आले नाहीत. अशी कित्येक वर्षं लोटली. गेल्या थंडीत तिकडेच गेले. घर विकताना सुधीरने डबा आणि कॅसेटी माझ्याकडे आणून दिल्या. "काका, तुम्हीच त्यांच्या जवळचे."

महिनाभर मी त्यांना हात लावला नाही. मग एका संध्याकाळी नानांच्या उत्तरांची एक कॅसेट लावली. बाईने इंग्रजीत सांगितलं, आता तुमच्या मित्राविषयी बोला. नानांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. मला त्यातलं "अमळनेर" कळलं. मग "दामोदर". मग पुन्हा "दामोदर आप्पा". हे माझं नाव आहे.

तेवढ्यात लांबून कोणीतरी खेकसलं, "अहो नाना, येताय की नाही?"

"थांब आप्पा," नाना म्हणाले. "तुन्हाबद्दलच सांगी राह्यनू तिले."

त्यानंतर चपलांचा आवाज आहे. दूर जाणारा.

हे मी आधी सुधीरला कळवलं, कॅसेटच्या गोष्टीसकट. तो "बरं काका," म्हणाला आणि फोन ठेवला. नानांना वेडा म्हणणारी पोरं आता बाप झाली आहेत, त्यांनाही एकेकाला गाठून सांगतो आहे. वसंतनाना वेडे नव्हते. ते अभ्यास करत होते. वेड्याची गोष्ट मी उठवली.

काल पाचला मी ते यंत्र माझ्या ओट्यावर मांडलं आणि पहिली कॅसेट लावली. बाईने आधी इंग्रजीत सांगितलं, आज तुम्ही कसे आहात ते सांगा, मग तेच जर्मनमध्ये विचारलं. टेप थांबली, लाल दिवा लागला. मी बसून राहिलो. बाईही थांबली होती. मग रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला आणि डब्यात टक् असा आवाज झाला.